कोणी बघत नाही तोवर आपलंच

खान्देशात कॉपीराइटचा सगळ्यात जास्त भंग कुठे होतो असं कोणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन, फ्लेक्सच्या दुकानात. पायरसी, टोरंट, टेलिग्राम वगैरे नंतर. मी धुळ्यात बरीच वर्षं फ्लेक्सचं डिझाईन केलंय, अजूनही सीझनला करतो, त्यामुळे हे ऐकीव नाहीये. कोणत्यातरी भाऊचा वाढदिवस असतो, दहा बाय पंधराचा बॅनर हवा असतो, मध्ये भाऊ, कोपऱ्यात शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंची रांग, आणि मागे काहीतरी "कडक" पाहिजे. कडक म्हणजे साऊथचा हिरो, खांद्यावर कुऱ्हाड, तोंडातून धूर. तो हिरो गुगलवरून येतो, धूर पीएनजी साईटवरून येतो, फॉन्ट कोणाच्यातरी पेनड्राईव्हमधून कॉपी होत होत आपल्यापर्यंत आलेला असतो, आणि कोरल ड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स हा विषय दुकानात काढायचा नसतो. गिऱ्हाईक चौरस फुटाचे पैसे देतो. त्यात हिरोच्या चेहऱ्याचे पैसे कोणाला जातात हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही.

आता याला फॅन आर्ट म्हणायचं का? मी म्हणतो म्हणायचं. ज्याने बॅनर लावला तो फॅन आहे, ज्याने बनवला तो बऱ्याचदा जास्त मोठा फॅन आहे, आणि चांगला डिझायनर नुसतं कापून चिकटवत नाही, तो हिरोला खान्देशी उन्हात उभा करतो, मागे लळिंगचा किल्ला टाकतो, कपाळाला गुलाल लावतो. गणपतीत तर विचारूच नका. ज्या वर्षी जो पिक्चर चालला त्या हिरोच्या रूपात बाप्पा येतो, तसेच दंड, तशीच दाढी, तशीच उभं राहायची स्टाईल. मूर्तिकार ते रात्री जागून करतो आणि पोरं ती मूर्ती नाचत घेऊन जातात. मुंबईतल्या निर्मात्याच्या वकिलाला हे दिसत नसेल असं नाही, पण गणपतीच्या मूर्तीला नोटीस पाठवायची हिंमत कोण करणार.

कायद्याने बघायला गेलं तर मात्र चेहरा, पोस्टर, पात्र, सगळ्यालाच मालक असू शकतो. २०१६ मध्ये दबंगमधल्या चुलबुल पांडेवरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. समोरच्या पिक्चरवर बंदी काही मिळाली नाही, पण पात्र पुरेसं वेगळं आणि ओळखू येणारं असेल तर त्या पात्रावरसुद्धा कॉपीराइट असू शकतो हे कोर्टाने तत्त्व म्हणून मान्य केलं. म्हणजे कॉलरला मागून अडकवलेला गॉगल आणि ती मिशी हे आमच्या दुकानाच्या हिशोबाने "एक फ्री पोज" असलं तरी कायद्याच्या हिशोबाने कोणाच्यातरी मालकीचं असू शकतं.

तर दिवसा हे. रात्री मी सबटायटल करतो. हा नाद कसा लागला ते सांगण्यासारखं काही नाही, कॉलेजात सगळ्यांना कोरियन आणि इराणी पिक्चर बघायचा किडा असतो तसा मला होता, इंग्रजी सबटायटल वाचून बघायचो. घरी आई शेजारी येऊन बसायची, चित्र बघून तिला गोष्ट अर्धी कळायची आणि उरलेली ती मला विचारायची, तर मी पॉज करून करून सांगायचो, शेवटी कंटाळून लिहायलाच घेतलं. आधी मराठीत केलं. आई म्हणे, "माले वाचता येस, पन ते भलतं जोरमा पयस." मग वाक्यं छोटी केली, आणि छोटी करता करता ती आपोआप अहिराणीच झाली, कारण आमच्या घरात छोटी वाक्यं अहिराणीतच बोलतात.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं की समोरचं इंग्रजी बघायचं आणि लिहून टाकायचं. तसं नसतं. एसआरटी फाईल म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, आधी क्रमांक, मग सुरुवातीची आणि शेवटची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, मग एक किंवा दोन ओळी, मग रिकामी ओळ, आणि परत पुढचा क्रमांक. दोन तासांच्या बडबड्या पिक्चरला असे हजार-दीड हजार तुकडे सहज होतात. माणूस श्वास घेतो तिथे ओळ तोडायची, सीन बदलला की ओळ पडद्यावर लोंबकळत ठेवायची नाही. त्यात पिक्चरची कॉपी वेगळ्या फ्रेम रेटची निघाली की झालंच. सेकंदाला २३.९७६ फ्रेमवाल्या कॉपीवर केलेलं काम २५ फ्रेमवाल्या कॉपीला लावलं तर तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो, हिरोइन रडते तेव्हा खाली मघाचा जोक येतो. आणि आमच्यासारख्या डीटीपीवाल्याची आणखी एक गंमत. दुकानात आम्ही जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतो, ते युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर देवनागरी नीट दिसायची पद्धत) नसतं, त्यामुळे बोटांना जी सवय आहे ती इथे काही कामाची नाही, सगळं नव्याने शिकावं लागतं. फाईल सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडलं नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग लागते, मग रात्रभराची मेहनत बघत बसा.

एवढं कशाला करायचं हा प्रश्न मला घरात, दुकानात, मित्रांत सगळीकडे विचारून झालाय. माझं उत्तर जनगणनेत आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे लोक साडेअठरा लाखांच्या वर आहेत, त्यातले बहुतेक अहिराणीवाले. जगात कितीतरी देशांची लोकसंख्या एवढी नाही. पण कोणत्याही ओटीटीच्या भाषांच्या यादीत खाली खाली जा, थाई सापडेल, हिब्रू सापडेल, अहिराणी सापडणार नाही. मराठीसुद्धा सगळीकडे सापडत नाही हे वेगळंच. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, तिच्या हिशोबात आम्ही सगळे हिंदी समजणारे लोक आहोत, आणि ते खरंही आहे. आमच्यासाठी वेगळा खर्च करून तिला एकही जास्तीचा गिऱ्हाईक मिळत नाही.

ही गोष्ट मला कायद्यात कुठे बसते ते बघायचं होतं म्हणून मी १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचला. वकील नाहीये मी, पण मजकूर समजतो. कलम १४ मध्ये साहित्यकृतीच्या मालकाचे हक्क सांगितलेत, त्यात भाषांतर करण्याचा हक्क स्पष्ट नावानिशी आहे. पिक्चरचे संवाद, पटकथा हे लिहिलेलंच असतं, तेव्हा त्याचं भाषांतर करून वाटणं हे मालकाच्या परवानगीचं काम. "आम्ही पिक्चर अपलोड करत नाही, नुसता मजकूर देतो" हा जो आमचा सगळ्यांचा लाडका बचाव आहे तो इथेच ढेपाळतो, कारण मजकूर हाच तर प्रश्न आहे. दुसरा लाडका बचाव, "आम्ही पैसे घेत नाही". तर कलम ६३ मध्ये शिक्षा आहे सहा महिने ते तीन वर्षं आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यात नफ्यासाठी केलं नसेल तर कारण नमूद करून कोर्ट याहून कमी शिक्षा देऊ शकतं. म्हणजे फुकट वाटलं म्हणून गुन्हा जात नाही, फक्त न्यायाधीशांना दया दाखवायला जागा राहते. आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. हे वाचलं त्या रात्री मी काही केलं नाही, पाणी पिऊन झोपलो.

एक दार वाटलं होतं. कलम ३२ म्हणतं की पुस्तक किंवा नाटक प्रसिद्ध होऊन सात वर्षं झाली की कोणीही भाषांतराच्या लायसन्ससाठी अर्ज करू शकतो. चांगली तरतूद आहे, भाषा अडवून ठेवता येऊ नये असाच तिचा रोख दिसतो. पण सिनेमाचं नाव त्यात नाही, शिवाय अर्ज, फी, मालकाला रॉयल्टी, हे सगळं आईला एक पिक्चर दाखवण्यासाठी? या कायद्याच्या आधीचा १९१४ चा कायदा तर याहून मोकळा होता, इथे प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा भाषांतराचा हक्क मालकाकडे फक्त दहा वर्षं. म्हणजे याबाबतीत आमचे पणजोबा आमच्यापेक्षा मोकळे होते असं म्हणायचं.

आणि याच कायद्याचं कलम ५२ वाचलं तर हसू येतं. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी संबंधित इतर समारंभांत रेकॉर्ड केलेली गाणी वाजवायला तिथे सूट आहे. म्हणजे एप्रिलच्या लग्नसराईत रात्री अकराला घराच्या काचा हलवणारा डीजे कॉपीराइटच्या बाबतीत स्वच्छ, आणि आवाज न करता एका कोपऱ्यात ओळी टाईप करणारा मी गुन्हेगार. (आवाजाचे कायदे वेगळे, ते कोण पाळतं तो विषय नको.)

बाहेरच्या देशांत हे गंमतीवारी राहिलेलं नाही. स्वीडनमध्ये २०१३ मध्ये पोलिसांनी फॅन सबटायटलच्या एका साईटवर छापा टाकून सर्व्हर उचलले. नेदरलँड्समध्ये सबटायटलवाल्यांनीच उलट कोर्टात जाऊन विचारलं की आमचं काम कायदेशीर आहे असं जाहीर करा, आणि २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कोर्टाने सांगितलं, नाही, परवानगीशिवाय केलेलं सबटायटल म्हणजे भंगच. चीनमध्ये रेनरेन यिंगशी नावाचा प्रचंड मोठा ग्रुप होता, पिढीच्या पिढी त्यांच्या सबटायटलवर अमेरिकन सिरीयल बघून मोठी झाली, तिथे २०२१ मध्ये शांघायच्या पोलिसांनी चौदा जणांना पकडलं आणि संस्थापकाला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांचा पसारा मात्र आमच्यासारखा नव्हता, ॲप होतं, पिक्चरसुद्धा होते, जाहिराती आणि मेंबरशिपचे पैसे होते. उलट आपल्याच देशात केरळात एमसोन नावाच्या सबटायटल ग्रुपची मंडळी २०१२ पासून मल्याळममध्ये जगभरच्या पिक्चरची सबटायटलं करतायत, आणि त्यावर तिकडे माणसं वर्ल्ड सिनेमा बघायला शिकली. जपानची तऱ्हा आणखी तिसरी. तिथे १९७५ पासून टोकियोत कॉमिकेट नावाचा मेळा भरतो, लोक आवडत्या मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिकच्या, पात्रांवर स्वतःची चित्रं, स्वतःची कॉमिक काढून टेबल लावून विकतात, लाखोंनी गर्दी होते, आणि प्रकाशक बहुतेक वेळा दुसरीकडे बघतात. कारण मालकाने तक्रार केली तरच कारवाई हा तिथला जुना नियम, २०१८ मध्ये कायदा कडक झाला तेव्हाही फॅन कॉमिकला हात लागू नये याची काळजी घेतली. आणि आज टेबल लावणाऱ्यांतूनच उद्याचे चित्रकार येतात हे प्रकाशकांना चांगलं माहीत आहे.

आमच्याकडे असा हिशोब कोणी केलेला नाही. आमच्याकडे नुसतं दुर्लक्ष आहे.

आणि दुर्लक्षाचं काय होतं हे बघायचं असेल तर धुळ्याहून तासाभरावर मालेगाव आहे. नाशिक जिल्ह्यात येतं, पण बोलणं-खाणं-बाजार सगळं आमच्याशी जोडलेलं, आणि तिथल्या पिक्चरांना लोक खान्देशी पिक्चर म्हणूनच ओळखतात. शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवायचे, तिथे पिक्चर दाखवता दाखवता, कापता-जोडता एडिटिंग शिकले आणि मग यंत्रमागावर काम करणाऱ्या दोस्तांना घेऊन शोलेचं मालेगावी रूप बनवलं. घोड्यांच्या जागी सायकली, गब्बरचा झाला रब्बर. गोष्ट दुसऱ्याची, पात्रं दुसऱ्याची, हसू मात्र पूर्ण मालेगावचं. त्या वेळी मुंबईहून कोणी आलं नाही कारण मुंबईला माहीतच नव्हतं. मग फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये डॉक्युमेंटरी केली, सुपरमेन ऑफ मालेगाव, त्यात मालेगावचा स्वतःचा सुपरमॅन कसा बनतो ते दिसतं, तो पडद्यावर उडवायला काय काय उद्योग केलेत ते बघून मी अजून हसतो. आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा मोठ्या बॅनरचा पिक्चर थेटरात आला, सुपरबॉइज ऑफ मालेगाव, रीतसर हक्क, करार, पोस्टर, सगळं. म्हणजे परवानगी न घेता पिक्चर बनवणाऱ्यांची गोष्ट आता परवानगी घेऊनच वापरता येते. मला याचा राग नाही, उलट अभिमान आहे, पण त्या पिक्चरचा कोणी मालेगावी स्टाईलने स्पूफ काढला तर काय होईल हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

माझ्या मते गाठ इथेच आहे. ज्या कारणाने आम्हाला हे स्वतः करावं लागतं त्याच कारणाने ते खपून जातं. कोणाला आमच्याकडे लक्ष द्यायचं नाही म्हणून अहिराणीत काही येत नाही, आणि लक्ष नाही म्हणून आम्ही केलेलं कोणी पकडत नाही. लोक याला स्वातंत्र्य म्हणतात, आमच्या सबटायटलवाल्यांच्या ग्रुपमध्ये पोरं छाती फुगवून म्हणतात, "आपले कोन काय करनार शे?" कोणी काही करणार नाही हे खरं, पण ते आपल्याला हक्क आहे म्हणून नव्हे, आपण हिशोबात नाही म्हणून. अहिराणी गाण्यांचं बघा ना. यूट्यूबवर अहिराणी गाणी नव्हती तोवर लग्नात कोणाचीही चाल उचलून अहिराणी शब्द बसवायचे, कोणी विचारायचं नाही. आता त्या गाण्यांना कोटीत व्ह्यूज मिळतात आणि लगेच स्ट्राइक (तक्रारीवरून यूट्यूब चॅनलला लावतं तो ठपका), क्लेम, "ओरिजिनल कोणाचं" अशी भांडणं सुरू झाली. यूट्यूबचा नियमच आहे, नव्वद दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक आल्या की चॅनल बंद होऊ शकतं. पैसा आला, लक्ष आलं, कायदा आला, याच क्रमाने.

मध्ये एकदा माझी अहिराणी सबटायटल कोणीतरी उचलली. फाईलच्या शेवटच्या ओळीत मी माझं टोपणनाव टाकतो, ते काढून स्वतःच्या चॅनलचं नाव टाकलं आणि अख्खा पिक्चर तुकडे करून जाहिरातींसकट चढवला. माझ्या ओळी, माझे तोडलेले श्वास, सगळं जसंच्या तसं. मी तणतणलो. दोस्त म्हणे, कर तक्रार. कोणत्या तोंडाने? पण गंमत अशी की कायदा इथे वाटतो तितका सरळ नाही. सिनेमाच्या बाबतीत कलम १३ सांगतं की त्याचा मोठा भाग दुसऱ्याच्या हक्काचा भंग असेल तर त्या सिनेमाला कॉपीराइटच नाही. लिहिलेल्या मजकुराबद्दल मात्र तिथे असं वाक्य नाही. म्हणजे परवानगी नसलेल्या भाषांतरात भाषांतरकाराचं स्वतःचं काही उरतं का, यावर वकील लोक तासभर भांडू शकतील. मी तासभर भांडायला गेलो नाही. पण नाव काढलं याचं जे वाईट वाटलं ते पैशाच्या पलीकडचं होतं, आणि तेव्हा मला मूळ पिक्चरवाल्याची बाजूही जरा जवळून दिसली. कलम ५७ मध्ये लेखकाचा नाव लागण्याचा आणि कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क वेगळा सांगितलाय, मालकी विकून टाकली तरी तो राहतो. कायद्यातलं मला सगळ्यात पटलेलं कलम तेच.

सगळ्यात न पटलेलं कोणतं ते विचारू नका, पण सगळ्यात अनपेक्षित सापडलं ते सांगतो. माझा एक चुलतभाऊ आहे, जन्मापासून ऐकू येत नाही. कर्णबधिरांच्या शाळेत शिकलाय, मराठी झकास वाचतो, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पण मराठी पिक्चर त्याला बघता येत नाही, कारण कितीतरी मराठी पिक्चरना खाली ओळी असतात त्या इंग्रजीत. आपल्याच भाषेतला पिक्चर, आणि आपल्याच माणसाला इंग्रजी येत नाही म्हणून कळत नाही. त्याच्यासाठी मी मराठीचं मराठीत सबटायटल करायला लागलो, संवाद तर आहेतच, शिवाय दार वाजलं, ढोल सुरू झाला, मागून कोणी हाक मारली, हे कंसात. १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती गाण्यांखाली गुजरातीच ओळी द्यायचा प्रयोग ब्रिज कोठारी यांनी केला होता, तो अर्धवट वाचता येणाऱ्यांसाठी, पण उपयोग ऐकू न येणाऱ्यांनाही झालाच असणार. आता २०२४ मध्ये केंद्राने थेटरांतल्या पिक्चरसाठी कॅप्शनची मार्गदर्शक तत्त्वं काढलीत, बघू खाली कधी झिरपतात. तर २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक तरतूद आली, अपंग व्यक्तीला वापरता येईल अशा स्वरूपात कोणतीही कृती बदलून देणं, तिला वाटणं, नफा न घेता, हे भंग धरायचं नाही. मी ते परत परत वाचलं. म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे तीच एसआरटी फाईल मी चुलतभावाला दिली तर कायदेशीर, आणि आईला दिली तर बेकायदेशीर.

मी स्वतःपुरते काही नियम केलेत, जुन्या ॲनिमे फॅनसबवाल्यांकडून, म्हणजे जपानी कार्टूनची सबटायटलं करणाऱ्या चाहत्यांकडून, उचललेले. अधिकृत सबटायटल आलं की आपलं काढून टाकायचं. पिक्चरची लिंक द्यायची नाही. कोणी दहा रुपये पाठवले तरी परत करायचे. मूळ संवाद लिहिणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत, माझं शेवटच्या. याने मी कायद्यात बसतो असं अजिबात नाही, फक्त उद्या कोणी विचारलं तर बोलायला तोंड राहतं.

गेल्या पावसाळ्यात एका ॲपवर खरंच एका मराठी पिक्चरला मराठी कॅप्शन आलं. मी नियमाप्रमाणे माझी फाईल काढली, ग्रुपवर सांगितलं, अधिकृत आलंय, तेच बघा. दोन दिवसांनी चुलतभावाचा मेसेज आला. नवीन कॅप्शनमध्ये नुसते संवाद आहेत, आवाज काहीच लिहिलेले नाहीत, शेवटच्या भांडणात सगळे एकदम दाराकडे का बघतात ते कळत नाही, तुझी जुनी पाठव. मी पेनड्राईव्हवर टाकून दिली. आई बाजूलाच बसली होती, म्हणे, "मंग माले बी लावी दे ना भो." तिला लावून दिली, त्याच्याच लॅपटॉपवर, त्याच्या शेजारी बसवून.